दहापैकी चार

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवायचे. माणूस वाईट नव्हता, पण गुण देताना त्यांचा हात असा आखडायचा की जणू स्वतःच्या ताटातलं काढून द्यायचंय. दहापैकी साडेसातच्या वर त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला दिले नाहीत. मुलं त्यांना पाठीमागे 'साडेसाती' म्हणायची. मला ते नाव इतकं आवडलं की मी एकदा तोंडावरच म्हटलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझ्या चित्रांना मी चार दिले असते." माझं एकही चित्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

एकदा त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचं चित्र बाहेरच्या कुठल्याशा स्पर्धेत पहिलं आलं. त्याच चित्राला यांनी सात दिले होते. मुलीची आई तणतणत घरी आली. भाऊजींनी तिला बसवलं, ताईला चहा टाकायला सांगितलं आणि शांतपणे म्हणाले, "अहो बाई, दहा दिले की मूल पेन्सिल खाली ठेवतं. वर थोडी जागा शिल्लक ठेवावी लागते." बाई चहा न घेताच गेली. तो मग मी प्यायले.

घरातही तीच तऱ्हा. ताईने हौसेने काही रांधावं, समोर उभं राहून विचारावं, "कसं झालंय?" आणि यांनी घास गिळून म्हणावं, "ठीक." त्या एका 'ठीक'वर ताई दिवसभर खुशीत असायची. माझ्या नवऱ्याने, तो होता तोवर, मला असलं काही ऐकवलं असतं तर मी ताट उचललं असतं. पण ताईचं गणित वेगळं होतं. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या कोरड्या शब्दांचे अर्थ लावत आली होती, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. आधी तो औषधांनी दबून राहिला, मग हाडांत उतरला. कंबर, मांडी, पाठीचा कणा. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी एक दिवस फाइल मिटली आणि सांगितलं की आता बरं करायचं औषध आमच्याकडे नाही, त्रास कमी करायचं मात्र आहे, त्यासाठी हॉस्पिसची माणसं घरी येतील. हॉस्पिस म्हणजे शेवटच्या आजारात माणसाला होईल तितकं आरामात ठेवणारी मंडळी. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "दुखू नाही ना देणार त्यांना?" डॉक्टर म्हणाले, "नाही. ते आपल्या हातात आहे." तो शब्द तिने घट्ट धरून ठेवला. बाकीच्या गोष्टींची आशा तिने सोडली होती, पण तेवढं एक तिला हवं होतं.

मी एकटीच राहते, ताईच्या घरापासून एक गल्ली सोडून. नोकरी केली पोस्टात, काउंटरवर. खिडकीपलीकडचा माणूस तोंडाने एक सांगतो आणि त्याला पाहिजे असतं दुसरंच, हे माझं रोजचं. त्यामुळे माझा कुणाच्या बोलण्यावर चटकन विश्वास बसत नाही आणि मला राग मात्र चटकन येतो. मी सकाळी ताईकडे जायला लागले आणि संध्याकाळी परतायला लागले.

पुढच्या खोलीत खिडकीशी भाड्याची खाट आली होती, हँडल फिरवलं की डोक्याकडून उंच होणारी. भाऊजींचं चित्रं काढायचं टेबल भिंतीला सरकवलं होतं. ब्रश ठेवायच्या बरणीत आता चमचे, बिनसुईच्या सिरिंजा आणि ओठ ओले करायच्या स्पंजाच्या काड्या होत्या. भाऊजी पडल्या पडल्या त्या बरणीकडे बघायचे आणि कुणी काडी काढून उलटी परत ठेवली की सांगायचे, "सरळ ठेव."

हॉस्पिसची सिस्टर एक दिवसाआड यायची. पाठीवर सॅक, पायात आवाज न करणारे बूट, बोलणं भराभर पण गोड. ती आधी रक्तदाब बघायची, पाठ बघायची, टाचा बघायची, कुठे कातडी लाल झाली असेल तर उशी कशी लावायची ते ताईला दाखवायची. मग खुर्ची ओढून विचारायची, "काका, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. आत्ता किती?"

भाऊजी विचार करायचे. अगदी मन लावून, डोळे बारीक करून, समोर कुणाची तरी चित्रवही धरल्यासारखं. मग म्हणायचे, "चार."

सिस्टर नोंद करायची. ताईचे खांदे खाली यायचे. मुलगा परदेशात. त्याचा फोन आला की ताई आधी तेच सांगायची, "चार म्हणाले." पलीकडून तो म्हणायचा, "चार? मग बरंय गं आई. निम्म्याच्याही खाली आहे." कधी चार, कधी साडेतीन, एकदा पावणेपाच. सिस्टर त्याप्रमाणे डॉक्टरांशी फोनवर बोलायची आणि औषध होतं तेवढंच राहायचं. मॉर्फिनचं पातळ औषध होतं, अगदी थोडं, ठरलेल्या वेळी द्यायचं. वर जास्त दुखलं तर मधे एक डोस द्यायची मुभा होती. तो डोस भाऊजींनी कधी मागितलाच नाही.

पण घरात काहीतरी बिघडलं होतं. भाऊजी ताईवर खेकसायला लागले होते. आधी ती खाटेच्या कडेला बसून त्यांना पेपर वाचून दाखवायची. एके दिवशी ते म्हणाले, "तिथे नको बसू. स्टूल घे." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "स्टूलही जरा लांब घे." पांघरूण सारखं करायला गेली तर, "राहू दे गं! सारखा हात कशाला लावतेस?" ताई स्वयंपाकघरात येऊन ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. मला म्हणाली, "त्यांना आता माझा कंटाळा आलाय. शेवटी शेवटी माणूस असा होतो म्हणे." कोण म्हणे, ते मी विचारलं नाही. मला भाऊजींचा असा संताप आला होता की वाटलं, आजारी नसते तर दोन शब्द सुनावले असते.

मग ती सकाळ. मी दूध घेऊन आले, चपला काढल्या. ताई न्हाणीघरात होती, पाण्याचा आवाज येत होता. खोलीच्या दारातून पाहिलं तर भाऊजी पाण्याच्या ग्लासासाठी हात लांबवत होते. अंग जरासंच वळलं, आणि त्यांचं तोंड उघडलं. आवाज नाही. नुसतं उघडं तोंड, गच्च मिटलेले डोळे, मानेच्या शिरा वर आलेल्या. मी काउंटरवर हरतऱ्हेचे चेहरे पाहिलेत, पण तसा नाही. माझी चाहूल लागली तसे त्यांनी डोळे उघडले, तोंड मिटलं आणि चेहरा होता तसा परत करून घेतला. म्हणाले, "आज लवकर आलीस." कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता आणि हा माणूस माझी हजेरी घेत होता.

मी ग्लास त्यांच्या तोंडाला लावला.

तेवढ्यात सिस्टर आली. सॅक उतरवली, टाचा पाहिल्या, खुर्ची ओढली. "काका, आत्ता किती?"

भाऊजींनी डोळे बारीक केले. "साडेचार."

"अर्धाच वाढलाय की," सिस्टर म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "सिस्टर, तुम्ही या माणसाला दहापैकी गुण द्यायला सांगताय? या माणसाला? अहो, पहिल्या आलेल्या पोरीला यांनी सात दिलेत! साडेसातच्या पुढचा आकडा यांच्या पेनातून कधी उतरलेला नाही. आणि तुम्ही दर वेळी विचारताय आणि दर वेळी लिहून घेताय!"

सिस्टर आधी हसली. मग तिने भाऊजींच्या मुठीकडे पाहिलं आणि हसणं थांबलं. दारात ताई उभी होती, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

सिस्टरने हातातलं सगळं बाजूला ठेवलं. "काका, आकडा राहू दे. डाव्या कुशीवर वळता येतं?"

"वळत नाही."

"म्हणजे नको वाटतं, की येत नाही?"

"येत नाही."

"सलग झोप लागते?"

"डुलकी लागते."

"खोकला आला तर?"

"येऊ देत नाही."

"आणि खाटेवर कुणी बसलं, गादी जराशी दबली तर?"

भाऊजींनी ताईकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "सहन होत नाही," ते म्हणाले.

"अहो," ताई म्हणाली, "मग बोलायचं नाही का? मला वाटलं..." काय वाटलं होतं ते मला माहीत होतं.

सिस्टरने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मॉर्फिन वाढवायचं ठरलं, मधला डोस मागायची वाट न बघता अंघोळीच्या आणि कूस बदलायच्या आधी द्यायचं ठरलं. मला वाटलं, चला, सुटलो. कसचं काय! संध्याकाळच्या औषधाला भाऊजींनी ओठ मिटून घेतले ते मिटूनच घेतले.

"पूर्वीचं तेवढंच दे," ते ताईला म्हणाले.

"पण सिस्टर म्हणाली..."

"मी दिलेले गुण दुसऱ्याने वाढवायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशीही तेच. ताई सिरिंज हातात धरून लहान मुलाला समजवावं तसं समजावत होती आणि ते भिंतीकडे बघत होते. दुपारपर्यंत मी कसाबसा दम धरला आणि मग माझा तोल गेला. "भाऊजी, कुणावर उपकार करताय हे? मरताना तरी हात सैल सोडा की! ही बाई तुमच्या पायाशी जीव टाकतेय आणि तुम्ही तुमची शिस्त धरून बसलाय!" ताई म्हणाली, "अगं, गप बस." मी गप बसले नाही. मी सिस्टरला फोन केला आणि म्हटलं, आजच्या आज या.

ती आली. या वेळी तिने टाचा पाहिल्या नाहीत की आकडा विचारला नाही. स्टूल घेतलं, खाटेला धक्का लागणार नाही इतकं दूर ठेवलं आणि बसली. म्हणाली, "काका, औषध का नको? खरं सांगा. मी रागावणार नाही."

भाऊजींनी बरणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे वाढणार ना अजून?"

"दुखणं? वाढू शकतं."

"मग दहा कुठे आहे ते मला अजून माहीत नाही. आज नऊ म्हटलं, आणि पुढच्या आठवड्यात याच्या दुप्पट झालं, तर तेव्हा काय म्हणू? सगळं औषध आजच वापरून टाकलं, तर तेव्हा तुम्ही काय देणार?" त्यांचा आवाज वर्गात शिकवताना असायचा तसाच होता, एकेक मुद्दा मांडणारा. फक्त हनुवटी हलत होती. "मी शिल्लक ठेवतोय. मला भीती वाटते."

इतके दिवस मी त्याला आडमुठेपणा म्हणत होते, कंजूषपणा म्हणत होते. हा माणूस रात्रंदिवस दात आवळून पडला होता, तो पुढच्या दुखण्यासाठी औषध वाचवत होता. आणि 'भीती' हा शब्द त्यांच्या तोंडून ताईनेही पहिल्यांदाच ऐकला असावा.

सिस्टर म्हणाली, "काका, हे औषध तसं संपत नाही. आज जास्त घेतलं म्हणून उद्याच्या वाट्याचं कमी होत नाही. दुखणं वाढलं की आम्ही मात्रा वाढवतो, पुन्हा वाढलं की पुन्हा वाढवतो. तोंडाने घेता येईनासं झालं तर कातडीखालून देतो. हे पुरलं नाही तर दुसरं आहे. शिल्लक ठेवून उपयोग नाही, उलट दुखणं मुरतं आणि मग हटवायला जास्त लागतं."

"नक्की?"

"नक्की."

"हे आधी का नाही सांगितलं?"

सिस्टरने मान खाली घातली. "तुम्ही चार म्हणत होतात. मला वाटलं, गरज नाही. चुकलं माझं."

भाऊजींना हे आवडलं असावं. चूक कबूल करणाऱ्या मुलाला ते कधी मारायचे नाहीत. त्यांनी जरा श्वास घेतला आणि म्हणाले, "विचारा मग."

"आत्ता किती?"

त्यांनी डोळे बारीक केले. "नऊ," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "वरचा एक ठेवलाय."

मी हसले आणि तिथेच, त्यांच्यादेखत, घळाघळा रडले. ताईने सिरिंज उचलली. त्यांनी तोंड उघडलं.

औषध लागू पडायला, मात्रा बसायला काही दिवस गेले. आधी ते नुसते झोपले. ताई घाबरली, तिला वाटलं आपणच जास्त दिलं. सिस्टरने सांगितलं की इतक्या दिवसांची झोप साचलीय, ती निघू द्या, हाक मारली की उठतात ना, मग काळजी नको. मग मळमळ झाली, त्यावर गोळी आली. तोंडाला कोरड पडली, त्यावर स्पंजाच्या काड्या होत्याच. आणि पोट! मॉर्फिनने पोट बसतं, त्यामुळे रेचक रोज घ्यायचंच, आणि घरातली दिवसाची मोठी बातमी एकच, आज झालं की नाही झालं. झालं की ताई मला दारातच सांगायची, परीक्षेचा निकाल लागल्यासारखं. भाऊजी आतून म्हणायचे, "पेपरात पण छापून आणा."

ताई पुन्हा खाटेच्या कडेला बसायला लागली. पहिल्या दिवशी ती इतकी अलगद टेकली की तेच म्हणाले, "नीट बस, पडशील." तिने पेपर उघडला. त्यांनी डोळे मिटून ऐकला, मधे तिच्या एका चुकीच्या उच्चारावर टीकाही केली. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी विसळत बसले.

असे बरे दिवस फार मिळाले नाहीत. दोन आठवडेही भरले नसतील. दुखणं वाढलं, सिस्टरने शब्द पाळला, मात्रा वाढली. मग गिळणं बंद झालं आणि दंडाच्या कातडीखाली एक बारीक नळी आली, तिला जोडलेला लहानसा पंप उशीशेजारी ठेवलेला. ते छताकडे बोट दाखवून कुणाला तरी "रेघ सरळ काढ" असं सांगायचे. मग बोलणंही गेलं. श्वासाबरोबर घशात घरघर यायला लागली, ती ऐकवत नव्हती. सिस्टर म्हणाली, "हा आवाज आपल्याला जितका जाचतो तितका त्यांना जाचत नाही." एका कुशीवर वळवायला शिकवलं, पंपात आणखी एक औषध घातलं. आकडा विचारायची सोय आता नव्हती. म्हणून तिने ताईला शिकवलं, कपाळ बघा, भुवया बघा, मुठी बघा. ताई टक लावून तेच बघत बसायची. भुवईत जराशी आठी दिसली की, "सिस्टरला फोन लाव." एकदा मी म्हटलं, "अगं, त्या आठ्या त्यांना जन्मापासूनच आहेत." ती म्हणाली, "नाही. ही वेगळी आहे. लाव फोन." मी लावला. ताईचंच खरं होतं.

एका दुपारी मी मागच्या दोरीवर चादरी वाळत घालत होते. ताईने हाक मारली. मी आले तेव्हा सगळं झालं होतं. कपाळावर एकही आठी नव्हती.

मुलाला विमान मिळून घरी पोचायला पुढच्या दिवसाची संध्याकाळ झाली. तोवर सगळं उरकलं होतं, माणसं येऊन गेली होती, खोली झाडून झाली होती. तो बॅग दारातच ठेवून रिकाम्या खाटेवर बसला. ताई त्याच्याशेजारी. मी चहाचे कप घेऊन उभी. त्याने कप हातात घेतला आणि सगळेच विचारतात ते विचारलं.

"आई, बाबांना फार त्रास झाला का?"

सगळेच देतात ते उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं. सकाळपासून आलेल्या प्रत्येकाला मी तेच दिलं होतं. नाही रे, शांत गेले, काही त्रास नाही झाला. मी तोंड उघडलंही.

"शेवटी नाही झाला," ताई म्हणाली. "त्याआधी झाला. खूप झाला."

"पण तू तर फोनवर चार सांगायचीस."

"ते चार म्हणायचे." ताई त्याच्याकडे बघत नव्हती, हातातल्या कपाकडे बघत होती. "इतकी वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर. त्यांचा चार म्हणजे किती, ते मला कळत नव्हतं का रे? 'ठीक' म्हणजे काय ते कळायचं, मग चार कळला नसता? मावशीला कळला, आणि माझ्या तर डोळ्यांदेखत होतं सगळं. पण चार ऐकलं की मला घास उतरायचा. चार ऐकलं की डोळा लागायचा. म्हणून मी चारच ऐकत राहिले."



मुलाने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मलापण बरं वाटायचं, आई. तू चार म्हणालीस की मी फोन ठेवायचो आणि कामाला लागायचो."